जीपची उंची आणि आमचे घर

सुज्ञ वाचकहो, माझ्या धाकट्या भावाच्या जीपची उंची जसजशी वाढत गेली, तसतसे आमचे घर जमिनीत कसे उतरत गेले, याचे निवेदन मी येथे करीत आहे. निवेदन करताना मी संतापलेला आहे. तो संताप मी लपवणार नाही. मात्र मोजमापात त्याचा शिरकाव होऊ देणार नाही.

जीप एक इंच वर गेली की घर एक इंच खाली जाते. यात कधी सुताचाही फरक पडला नाही.

जीप मूळची वडिलांची, तीस वर्षांपूर्वीची. वडिलांच्या पश्चात गॅरेज माझ्याकडे आले व जीप धाकट्या सर्जेरावाकडे गेली. दसऱ्याच्या दिवशी पठारावर दगडधोंड्यांतून गाड्या चालवण्याची शर्यत भरणार होती. जीपचे पोट दगडाला घासता कामा नये, असे त्याचे म्हणणे होते. प्रथम मीच चारही चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एकेक जादा पाटा घालून दिला. हा अपराध माझा आहे. जीप दोन इंच उचलली गेली, आणि त्याच दुपारी आई घरात शिरताना उंबऱ्यावर अडखळली. उंबरा जिथे असायचा तिथे नव्हता. मी टेप लावला.

"सर्जा, घर खाली गेलंय. दोन इंच."

"जुनं घर हाय दादा. बसायचंच."

"बरोबर दोन?"

"मग काय दीड बसावं व्हय?"

त्याचे मित्र हसले. ते जीपच्या बॉनेटवर बसून भेळ खात होते.

नंतर त्याने पाट्यांखाली लोखंडी ठोकळे बसवले. ओटा जमिनीत गेला. मग ट्रॅक्टरसारखे खोल नक्षीचे टायर आले. दाराचा निम्मा भाग गेला, व आम्ही खिडकीतून ये-जा करू लागलो. आईने तक्रार केली नाही. ती स्टुलावर चढून अंगणातली माती खिडकीतून आत येऊ नये म्हणून झाडीत असे. ते पाहून माझ्या हातापायांत आग उठे. मी सर्जेरावाला म्हणालो, "आत आपली आई आहे."

"मग तिला सांग की, बाहेर ये म्हणून."

"ती म्हणते, चूल आत आहे."

"बघ. माझं काय चुकलं?"

अखेर मी निश्चय केला की, जादा पाटे, ठोकळे, टायर सर्व काढून जीप वडिलांच्या वेळी होती तशी करायची. खंडेनवमीच्या आदल्या दुपारी सर्जेराव गावात गेला असताना मी जीपखाली जॅक लावला. काढण्यासाठीही आधी उचलावेच लागते. त्यामुळे घर आणखी सहा इंच गेले. ते मी तात्पुरते समजून सोसले. इतक्यात आईने खिडकीतून हाक मारली, "अरे, हत्यारं धुवायची हायती. उद्या खंडेनवमी." मी सर्व पाने, हातोड्या, पकडी रॉकेलने धुऊन माजघरातल्या पाटावर नीट मांडून ठेवल्या. जॅक मात्र जीपखालीच राहिला.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा होते आणि पूजेतले हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत. सकाळी सर्जेराव आला. त्याने जीपखाली वाकून पाहिले.

"दादा, जॅकला कुंकू न्हाई."

"राहिला."

"म्हंजे पूजेत न्हाई. मग त्याला सुट्टी कशाची?"

आणि तो जॅकचा दांडा मारू लागला. त्या जॅकची झडप झिजलेली आहे. वर चढवायला नुसता दांडा पुरतो. खाली उतरवायचे तर झडप चौदा नंबरच्या पान्यानेच फिरवावी लागते, आणि चौदाचा पाना पूजेत होता. जॅकचा खांब संपायला हवा होता. तो संपत नव्हता.

मी खिडकीतून आत उडी घेतली. माझ्यामागे खिडकी बुजली. माजघरात समई लावलेली होती. पाटावर पाने आकारमानाने ओळीत होते, प्रत्येकावर झेंडूचे फूल होते. मी चौदाच्या पान्याला हात घातला.

"हात मागं घे," आई म्हणाली.

"आई, घर खाली चाललंय."

"उद्या वर काढ. आज न्हाई."

"उद्यापर्यंत कौलं दिसायची नाहीत. दांडा मारतोय तो तुझाच मुलगा आहे."

"दोघंबी माझीच. तुझा बाप या पान्यांवर जगला. आजच्या दिवशी त्यानं खिळाबी ठोकला न्हाई."

माझी मूठ वळली. ती पान्यासाठी वळली होती की सर्जेरावासाठी, हे मला सांगता येत नाही. आईने ती पाहिली. तिने शांतपणे माझे मनगट धरले, मूठ चौदाच्या पान्याशेजारी पाटावर ठेवली, बोटांच्या पेरांना हळदकुंकू लावले व वर फूल वाहिले.

"आता ह्योबी पूजेत," ती म्हणाली.

मी हात उचलून पाहिला. तो उचलला गेला नाही.

छपरात एक काचेचे कौल आहे. उजेड आता तेवढ्यातूनच येतो. कडेने माती सरकत आहे. मघाशी त्या काचेवर सर्जेरावाचे तोंड आले होते.

"दादा, उद्या शर्यत बघायला येणार न्हवं?"

तो बाजूला झाला, तेव्हा मला जीपचे पोट दिसले. त्यावरचे सर्व वेल्डिंग माझे आहे. ते पोट आता काड्यापेटीएवढे दिसते. तिथून ऑइलचा एक थेंब सुटला आहे व तो खाली येत आहे. आईने नैवेद्याचे ताट पाटासमोर ठेवले असून त्यातला पहिला घास ती माझ्या मुठीला दाखवीत आहे.

हे सर्व मी डाव्या हाताने लिहिले आहे. वेड्यावाकड्या अक्षरांबद्दल क्षमा असावी. येथवर वाचलेत, याबद्दल आपला ऋणी आहे.

आपला नम्र,
शिवदास बाळू पोळ, मिस्त्री