चिन्नोरच्या वासाची हद्द

वाघिणीची हद्द पर्बताबाईच्या स्वयंपाकघरातून गेली त्या सकाळी घरभर चिन्नोरच्या भाताचा वास सुटला होता. पर्बताबाई अंथरुणातच चिडली. चिन्नोर तांदळाचा घरात एकच डबा होता, तोही जावई यायचा म्हणून ओसरीवर वेगळा राखलेला, आणि लेकीने कुणाला न विचारता सकाळी सकाळी तो शिजायला टाकला असणार. माहेरी आलेल्या लेकीचे लाड करावेत, पण त्याला काही सुमार आहे की नाही, असं पुटपुटत ती स्वयंपाकघरात गेली. चूल थंड होती. लेक, पुष्पकला, दाराशी उभी राहून आत बघत होती.

चुलीच्या पलीकडे सारवलेली जमीन संपत होती आणि सागाची वाळलेली पानं सुरू होत होती. भांड्यांची फळी कालपर्यंत हात लांबवला की हाताला लागायची. ती आता बांबूच्या बेटामागे दूर गेली होती आणि तिच्यावरचे पितळी डबे इथून सुपारीएवढे दिसत होते. धान साठवायची ढोली तिकडेच राहिली होती. ढोलीला टेकून वाघीण बसली होती आणि पंजा चाटत होती.

"माय, तांदूळ तिकडंच गेले," पुष्पकला म्हणाली.

"दिसून राह्यलं मले. चहाचा डबा कुठं हाये?"

"इकडं हाये."

"मंग मांड चहा."

चहा झाल्यावर पर्बताबाईच्या लक्षात आलं की उलथनं हद्दीपलीकडे पडलं आहे, अगदी वीतभर आत. घेऊ पटकन म्हणून तिने पाय टाकला. पायाखाली पान असं करकरलं की वाघिणीने चाटणं थांबवून वर पाहिलं. तिने रागाने पाहिलं नाही. शेजारीण आपल्या वाळवणावरून चालत गेली तर आपण पाहू, तसं पाहिलं. पर्बताबाईने पाय मागे घेतला आणि उलथनं तिला देऊन टाकलं.

पुष्पकला संक्रांतीला आली होती आणि गेली नव्हती. शेजारपाजारचे विचारत तेव्हा पर्बताबाई सांगायची, पाहुणी आली आहे, जाईल. पुष्पकलेने आईला एकदाच सांगितलं होतं, की मोरेश्वर मारत नाही, शिव्या देत नाही, फक्त कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावतो आणि संध्याकाळी येऊन उघडतो. "काळजीनं लावत असतीन," पर्बताबाई म्हणाली होती. "गावात वाघ फिरते." मग मुलाचा, हंसराजचा, बुटीबोरीहून फोन आला. घर त्याच्या नावावर होतं. ताईला असं किती दिवस ठेवून घेणार, लोक मला विचारतात, असं तो म्हणाला, आणि पर्बताबाईने जावयाला निरोप धाडला की गुरुवारी येऊन घेऊन जा. त्या दिवसापासून पुष्पकला साड्यांच्या घड्या घालत होती. घातलेल्या मोडायची आणि परत घालायची.

दुपारी वनरक्षक किन्नाके आला. त्याने दारातून वाघिणीकडे पाहिलं, चुलीजवळचा खांब हुंगला आणि मान हलवली.

"हिनंच मुताचा फवारा मारला. यालेच चिन्नोरसारका वास येते. तलावाकडची वाघीन हाये ही, मावशी. पोर मोठी झाली तिची. तलाव, तलावाखालचं गवत, सारं पोरीले देल्लं अन् हे इकडं सरकली."

"सारं पोरीले?"

"चांगलं चांगलं पोरीले. मायची जागा पोरीच घेतेत."

"अन् पोरगा?"

"त्याले हाकलते. तो जाते दूर कुठंतरी, आपली जागा आपन पाह्यते."

"आमच्याहून उलटंच हाये बापा तुमच्या जंगलात," पर्बताबाई हसून म्हणाली. किन्नाके हसला नाही. तो ड्यूटीवर होता आणि ड्यूटीवर तो वाघांच्या घरगुती गोष्टींवर हसत नसे.

"पन माह्याच घरात काहून? गावात घरं थोडी हायेत का?"

किन्नाकेने टोपी काढून पुन्हा घातली. "मावशी, वाघीन जागा वासानं ओळखते. कोनाचा वास भेटला तं थांबते, नाई भेटला तं सरकते. तुमच्या घरात तिले कोनाचा वासच नाई भेटला."

"मी राह्यतो ना इथं."

"राह्यता. पन तसा वास नाई."

लग्न होऊन आली तेव्हापासून पर्बताबाई हे घर सारवत होती. पावसाळ्याआधी भिंतींना हात तिचाच लागायचा, उंदरांची बिळं तीच बुजवायची. घर मात्र आधी सासऱ्याचं होतं, मग नवऱ्याचं, आणि नवरा गेला तसं मुलाचं झालं. वाघिणीच्या नाकाला हे कसं कळलं याचं तिला नवल वाटलं नाही. वाईट मात्र वाटलं, आणि किन्नाकेसमोर वाटलं याचं जास्त.

"मंग काय कराव?"

"चिन्नोर हाये ना घरात? भात शिजवून त्याचा मांड, वरचं पानी, हद्दीवर ओता, गरम गरम. दुसरी मादी राह्यते समजून हे पुढं येनार नाई. वास उतरला का पुन्हा ओता."

"तो जवायासाठी हाये," पर्बताबाई म्हणाली, आणि विषय तिथेच मिटला. किन्नाके चहा पिऊन, वाघिणीला एकवार बघून निघून गेला.

सकाळपर्यंत स्वयंपाकघर पूर्ण गेलं होतं, चुलीसकट. पर्बताबाईने ओसरीवर तीन विटा मांडल्या आणि त्यांच्यावर पिठलं केलं. त्यानंतर मधली खोली गेली. ती एकदम गेली नाही. सकाळभर लांबत राहिली, आणि दुपारपर्यंत पलंग इतका दूर गेला की त्याच्याकडे चालत जायचं तर वाटेत नाला लागला असता. हंसराजच्या लग्नातलं कपाट करूच्या झाडाला टेकून उभं होतं. त्याच्या आरशात आभाळ दिसत होतं.

ऊन चढल्यावर त्या खोलीत चितळं आली. मायलेकी ओसरीच्या उंबऱ्याशी बसून पाहत होत्या. चितळं पलंगाखाली पडलेली मोहाची फुलं वेचत होती. वाघीण कपाटामागे होती. ती किती वेळ तिथे दबून होती हे दोघींनाही कळलं नव्हतं, कारण ती कपाटामागची सावलीच वाटत होती. मग ती निघाली. पोट जमिनीला, मान खाली. एक पंजा ठेवायची, थांबायची, आणि मागचा पाय नेमका पुढच्या पंजाच्या जागी यायचा. इतकी वाळली पानं होती, पण एकही वाजलं नाही.

"कसी चालते व माय," पुष्पकला कुजबुजली.

आणखी दोन झेपांचं अंतर राहिलं असेल. तेवढ्यात आढ्यावर बसलेलं वानर खोकलं. चितळांनी शेपट्या वर केल्या आणि ती कोपऱ्यातून, जिथे देव्हारा होता तिथून, उधळून गेली. वाघीण थोडी धावली आणि मग मधेच उभी राहिली. तिच्या बरगड्या वरखाली होत होत्या. पर्बताबाईला आता त्या मोजता येण्यासारख्या दिसल्या.

"उपाशी हाये बिचारी," ती म्हणाली. "चांगली जागा पोरीले देऊन बसली अन् इथं पलंगाखाली शिकार पाह्यते."

तिला खरंच कळवळा आला. घरात काही असतं तर तिने वाघिणीपुढे सरकवलं असतं.

त्याच संध्याकाळी तलावाकडून हाक आली. जड, लांब, थांबून थांबून. वाघिणीने मान उचलली. तिचे कान त्या दिशेला वळले आणि हाक बंद होईपर्यंत तसेच राहिले. ती उठली नाही. हाक थांबल्यावर तिने डोकं पुन्हा पंजांवर ठेवलं.

"तिची पोर असंल," पुष्पकला म्हणाली. ती गुडघ्यांभोवती हात बांधून बसली होती. "माय, तुले भेव नाई वाटत हिचं?"

"ती तिच्या जागेत हाये, आपन आपल्या."

"मलेही नाई वाटत. तिथं वाटे. इथं पानं वाजतेत, वानर खोकलते, काही ना काही ऐकू येते. तिथं दिवसभर काहीच वाजत नोहतं. संध्याकाळी त्याच्या चाव्या वाजत. त्या वाजल्या का मी उठून उभी राहो. काहून उभी राहो, मलेही समजे नाई."

पर्बताबाईने काळजीनं लावत असतीन म्हणायला तोंड उघडलं. आपण हे आधी म्हटलं होतं याची तिला लाज वाटली, आणि तिने लेकीच्या केसांतली सागाच्या पानाची काडी काढून टाकली.

गुरुवारी उजाडलं तेव्हा अंगणही गेलं होतं. फाटक, तुळस, शेजारच्या देवाजीची भिंत, रस्ता, सगळीकडे साग उभे होते. राहिली होती ती ओसरी, चार खांबांमधली, दोघींना पाय पसरून बसता येईल एवढी. किन्नाकेने सांगितलं होतं तो वास आता चारी बाजूंनी येत होता. ओसरी हळूहळू आतल्या बाजूला ओढली जात होती. पाटावर ठेवलेला तांब्या पर्बताबाईच्या देखत सरकत सरकत पानांच्या कडेला गेला.

तिने विटांवर भाताचं मोठं गंज चढवलं आणि चिन्नोरचा डबा त्यात रिकामा केला.

"पानी लय झालं," पुष्पकला म्हणाली. "असा भात जवायाले वाढतेत का?"

"होऊ दे."

भात शिजला, तशी ओसरी वासाने भरली. ढोलीजवळ वाघीण उभी राहिली. पर्बताबाईने चपला घातल्या, पदराने गंज धरलं, मांड कासंडीत काढला आणि ती ओसरीवरून खाली उतरली. पहिल्या खांबापासून तिने धार सोडली. मांड पांढरा, वाफाळता, मातीत मुरत होता. ती कडेकडेने चालत गेली, प्रत्येक खांबावर थोडा जास्त ओतला आणि जिथून सुरू केलं होतं तिथे रेघ आणून मिळवली. तांब्या सरकायचा थांबला. ओसरी थांबली.

तेव्हा पुष्पकलेच्या लक्षात आलं की आई रेघेच्या बाहेर उभी आहे.

"माय, इकडं ये."

"नाई."

"अव, ये ना. दोघी राहू."

"दोघींची जागा नाई होत ते. एकीचीच होते." पर्बताबाईने कासंडी आत ठेवली. "भातात मीठ कमी हाये, घेजो वरून. रोज थोडा मांड राखजो. आजूबाजूच्या बायांपासून चिन्नोर मांगजो, देतीन त्या. हंसराजले मी सांगतो."

"अन् तू कुठं जाशीन?"

"पाह्यतो कुठंतरी."

पुष्पकला रडली. मग तिने ताट घेतलं, भात वाढून घेतला आणि रेघेच्या आत, खांबाला पाठ टेकून, मांडी घालून बसली. संक्रांतीपासून ती अशी कधी बसली नव्हती. उठायच्या बेतात असल्यासारखी बसायची.

चाव्यांचा आवाज आला तेव्हा ती पहिला घास कालवत होती. तिचा हात थांबला, पण ती उभी राहिली नाही.

मोरेश्वर सागांमधून येत होता. त्याच्या एका हातात संत्र्यांची पिशवी होती आणि शर्टाला काटे लागले होते. कमरेच्या पट्ट्याला चाव्यांचा जुडगा होता.

"मामी, तुमचं घर कुठं गेलं?" त्याने विचारलं. "एसटीतून उतरलो तवापासून झाडंच झाडं. ऐकू आलं का, गावात वाघ हाये म्हनतेत. म्हनूनच मी तिले एकटी ठेवत नाई."

"ते जेऊन राह्यली, जवाईबुवा."

"जेवू द्या. मंग निघतो. पावनेतीनची गाडी हाये."

तो रेघेपर्यंत आला आणि त्याने पाय उचलला. वास त्याच्या नाकात गेला असावा, कारण तो पाय खाली आला नाही. तो तसाच एका पायावर उभा राहिला आणि आपल्या पायाकडे पाहत राहिला. पाय पुढेही जाईना आणि मागेही येईना. त्याच्या चेहऱ्यावर लहान पोरासारखी भीती आली आणि पर्बताबाईला त्याचीही दया आली.

"पुष्पा," तो म्हणाला. "हे काय हाये? सांग ना मामीले."

पुष्पकलेने घास तोंडात घातला.

पिशवी त्याच्या हातातून सुटली. संत्री पानांवर सांडली आणि एक गडगडत ढोलीपर्यंत गेलं. ढोलीजवळ आता कुणी नव्हतं. कपाटाच्या आरशातलं आभाळ खालून पिवळं झालं आणि पुन्हा निळं झालं. मोरेश्वरची पाठ तिकडे होती. तोल सावरताना त्याच्या कमरेच्या चाव्या वाजत होत्या, बारीक, थांबून थांबून.

पर्बताबाईने वर पाहिलं. झाडावर वानर बसलं होतं. त्याला सगळं दिसत होतं. ते खोकलं नाही.

तिने चपला काढून रेघेशी नीट जोडून ठेवल्या. मान खाली घातली, पदर कमरेला खोचला आणि वाळल्या पानांवर पाऊल टाकलं. पान वाजलं नाही.