दादाजींच्या नावाची चढाई

सौसरच्या कबड्डी संघात उत्तमची पहिली चढाई रिकामी जायची, हे नऊ वर्षं ठरलेलं होतं. ज्यांनी त्याला खेळ शिकवला ते दादाजी वारले, त्या वर्षी त्याने हे सुरू केलं. समोरच्यांच्या हद्दीत शिरायचं, मातीला हात लावून कपाळी न्यायचा आणि कोणालाही न शिवता परत यायचं. दादाजींची बायको कलाबाई बोरगावहून तेवढ्यासाठी येई. पुढच्या सतरंजीवर बसून हात जोडी. बाकीचा खेळ तिला कळत नसे.

शहाऐंशीच्या जानेवारीत पांढुर्ण्याला अंतिम सामना होता. उत्तम घोट्याला पट्टी गुंडाळत असताना संघातला गुलाब धापा टाकत आला.

"उत्तम, तुह्या चढाईवर सट्टा लागून राहिला ना बे!"

"माह्या? सट्टा तं हारजीतीवर लागते."

"हारजीतीचं सोड. पहिल्या चढाईत तू गडी बाद करते का खाली हातानं येते, त्याच्यावर. बसस्टँडवरचा मधुकर घेऊन राहिला. खाली आला तं एकाले दोन देतो म्हणते. आपले सौसरचे सारे त्याच्यावरच तुटून पडले."

संघाचे वडीलधारे पुंडलिकराव शेजारीच होते. त्यांनी समजावलं, "आता असंच चालते बाबू. सामना कोण जिंकीन ते कोणाले ठाऊक? म्हणून त्याचे तुकडे पाडते. पयला गडी कोण बाद होईन, पयली चढाई कशी जाईन. एकेका तुकड्याचा भाव येगळा."

उत्तमच्या अंगाची लाही लाही झाली. तुकडे म्हणे! मेलेल्या माणसाला केलेला नमस्कारही यांनी भाव लावून विकायला काढला?

"तुमी बी लावले का पुंडलिकराव?"

पुंडलिकराव खाकरले आणि धोतराचा सोगा झटकू लागले. तेवढ्याने उत्तमला काय ते कळलं. ज्यांनी दादाजींच्या तिरडीला खांदा दिला, तेच आज त्यांच्या नावावर पैसे दुप्पट करायला निघाले होते. लाज कशी वाटत नाही माणसांना! जी गोष्ट सगळ्या तालुक्याला ठाऊक, तिच्यावर कोणी असा वेडा भाव का देईल, हे मात्र एकालाही सुचलं नाही. रागात असलेल्या उत्तमला तर नाहीच नाही.

शिट्टी झाली. तो दम धरून आत शिरला. मातीला हात लावला, कपाळी नेला. सौसरकरांनी जल्लोष केला, आणि त्या जल्लोषाचीच त्याला किळस आली. परत वळता वळता त्याने पाय झाडला, कोपऱ्यातल्या गड्याला अंगठा लावला आणि उडी मारून मध्यरेषा ओलांडली.

पंचाने गुण दिला, पण सौसरच्या बाजूने एकही टाळी वाजली नाही. बरी जिरली, असं उत्तम मनात म्हणाला. मग त्याची नजर सतरंजीवर गेली. कलाबाईचे हात जोडलेलेच राहिले होते. तिला खेळ कळत नसला तरी नऊ वर्षांत एवढं कळलं होतं. ती उठली, पदर सारखा केला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली.

मध्यंतरात त्याने गुलाबला गाठलं. "तुले सट्ट्याचं कोणं सांगतलं बे?"

"मधुकरनंच. मनला, उत्तमच्या कानावर घालजो, त्याले माईत पाह्यजे."

उत्तमला आता त्या वेड्या भावाचा अर्थ कळला. मग तो धावला. मधुकर चहाच्या ठेल्यामागे निवांत बशी फुंकत होता. उत्तमने त्याची कॉलर धरली, बशी खाली पडून फुटली.

"दादाजीच्या चढाईले नासवलं तू, हरामखोर!"

मधुकर घाबरला नाही. त्याने उत्तमकडे नीट बघितलं आणि अगदी समजुतीने म्हणाला, "मी तं इथंच बसून होतो गा. पाय तूच लावला."