तीन फेऱ्यांतून एक उडी

मित्रांनो, मी एक जुना गोटू आहे, म्हणजे 'तिकडे जा' असे सांगणारा 'goto' हा हुकूम. पावाच्या कारखान्यातल्या भट्ट्या चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये माझी एक ओळ आहे. प्रोग्राम एकेक ओळ वाचत खाली येतो, पण माझ्यापाशी आला की मी सांगेन तिथे थेट उडी मारतो. हेच माझे काम.

मला आत्याने लिहिले. ती कारखान्याची प्रोग्रामर. तिची भाचीही इथेच कामाला आहे, म्हणून सगळेच तिला आत्या म्हणतात. आमची भाषा सी. त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या लूपला आम्ही फेरी म्हणतो. सर्वांत बाहेर दिवसभर चालणारी फेरी, तिच्या पोटात भट्टीमागून भट्टी तपासणारी फेरी, आणि तिच्या पोटात कप्प्यामागून कप्पा तपासणारी. कुणी भट्टीचे दार उघडले की मी या तिन्हींतून एका उडीत 'थांबा' नावाच्या खुणेपाशी जायचो आणि सगळ्या भट्ट्यांची वीज बंद व्हायची. "हा आहे म्हणून माझे हात धड आहेत," असे भट्टीवाले मामा म्हणायचे, तेव्हा मी अगदी फुलून जायचो.

पुढे माझे दिवस फिरले. माझे काही भाऊबंद वाटेल तिथे उड्या मारत, त्यामुळे वाचणाऱ्याला कुठून कुठे आलो तेच कळेना. बदनामी मात्र सगळ्या खानदानाची झाली. जावा भाषेने माझा शब्द राखून ठेवला आणि काम काही दिले नाही. रुमाल टाकून खुर्ची अडवायची आणि कुणालाच बसू द्यायचे नाही, अशातली गत! पायथनने तर मला दारातही उभे केले नाही.

आणि भाचीने नवा प्रोग्राम लिहिला तो नेमका पायथनमध्ये. माझ्या जागी तिने फेरी तोडून बाहेर पडणारा 'ब्रेक' हा हुकूम बसवला. चाचणीसाठी मामांनी भट्टीचे दार उघडले. ब्रेक गडी चपळ, पण तो फक्त सर्वांत आतल्या फेरीतून बाहेर पडला. बाहेरच्या दोन फेऱ्या आपल्या मजेत चालूच राहिल्या. वीज बंद करायची ओळ त्यांच्याही पलीकडे होती. तिथवर कुणी पोचलेच नाही.

"अगं, दार उघडं आणि भट्टी तापतेय! माझ्या हातांचे पाव करतेस काय?" मामा ओरडले.

भाचीचा चेहरा पडला. "आत्या, जुनाच प्रोग्राम राहू दे. मला नाही जमायचं."

खरे सांगतो, क्षणभर मला गुदगुल्या झाल्या.

"वेडी आहेस का!" आत्या हसली. "जुनं मशीन आता किती दिवस टिकणार? तिन्ही फेऱ्या एका फंक्शनमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या वेगळ्या तुकड्यात घाल. दार उघडलं की रिटर्न. तो कितीही आत असू दे, सगळ्या फेऱ्या सोडून फंक्शनच्या बाहेर येतो. बाहेर आल्या आल्या वीज बंद कर."

भाचीने तसे केले. मामांनी पुन्हा दार उघडले आणि सगळ्या भट्ट्यांचे लाल दिवे एकदम विझले. मामांनी हात आत घातला, बाहेर काढला आणि बोटे नाचवून दाखवली. भाची खुदकन हसली.

"वीज बंद करणाऱ्या फंक्शनचं नाव काय ठेवू?" तिने विचारले.

"'थांबा'च ठेव," आत्या म्हणाली. "इतकी वर्षं तेच आहे."

मित्रांनो, उद्या माझे मशीन बंद होईल. जाता जाता एवढेच मागतो. उडी ब्रेकची असो, रिटर्नची असो की माझी, मारण्याआधी आपण कुठे जाऊन पडणार ते नीट बघा, आणि तुमच्यामागून वाचणाऱ्यालाही ते दिसू द्या. मी चाललो, पण मला जिथे पोचायचे असायचे ती जागा तिथेच आहे, आणि मामांचे हातही.