गॅरेजमधला चातुर्मास

"आई, या चातुर्मासात तू कुणालाही नावं ठेवणार नाहीस, नक्की ना?" इरावतीने विचारलं.

"संकल्प सोडलाय मी," मी म्हटलं.

"मग ऐक. मी मास्टर्स सोडलंय. डान्सहॉल गाणार आहे. आपल्या गॅरेजमधून, लाइव्ह."

ह्यांनी कॅलेंडर पाहिलं आणि हसू दाबलं. "यंदा अधिक महिना आहे. पाच महिने, बाईसाहेब!"

दरवर्षी मी एखादा नेम धरते. कधी मीठ सोडते, कधी दुपारची झोप. त्या वर्षी जीभ आवरायचं ठरवलं होतं. एकादशीला आठ दिवस होत नाहीत तोच मेलबर्नला पुन्हा लॉकडाउन लागला, आणि लेकीने ही संधी साधली. दर शुक्रवारी ती लायब्ररीत जाते असं मी समजत होते. पण ती वेरिबी उपनगरात एका सलूनच्या मागच्या खोलीत पंचवीस-तीस माणसांपुढे गायची. जमैकाकडचा तो प्रकार. दणदणीत ठेका, त्यावर भराभर शब्द, आणि नाच.

सलून बंद झालं. आमची गाडी अंगणात आली, गॅरेजमध्ये दिवे लागले. पहिल्या दिवशी ऑनलाइन बघणारे अकरा. त्यात आम्ही दोघं आणि सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलची माझी बहीण मंजिरी.

"ताई, अगं केवढी कंबर हलवते ही!" तिचा लगेच फोन.

"हलते म्हणून हलवते. मला नेम आहे, मंजू."

"तुला आहे, मला नाही!" म्हणत ती अर्धा तास बोलली. मी मुकाट ऐकलं. खरं सांगते, थोडं बरंही वाटलं.

गणपतीत इरावतीने नवं गाणं केलं. मधली ओळ मराठी: 'सरक गं, दीड मीटर सरक.' ते रेडिओवर लागलं. थेट जमैकातल्या किंग्स्टनची मुलं ते नाचून दाखवू लागली. केमिस्टकडे रांगेत पुढची गोरी मुलगी मास्कमधून तेच गुणगुणत होती. मी दीड मीटर सरकले.

नवरात्रापर्यंत बघणारे चाळीस हजारांवर गेले. मग सिडनीच्या एका कंपनीचं काँट्रॅक्ट आलं. गाण्यांचा अल्बम आणि मोठा स्टेज शो. पण दिवसामागून दिवस गेले, तरी तिने सही केली नाही.

"अगं, घोडं अडलंय कुठे?"

"सगळे वॉव म्हणतात, आई. तू काहीच म्हणत नाहीस, पण तुझं व्रत आहे. सो इट डझन्ट काउंट. व्रत संपलं की खरं सांग. गाणं तुला फालतू वाटलं, तर मी परत युनिव्हर्सिटीत जाईन."

कार्तिकी द्वादशीला तुळशीची पूजा आटोपून मी गॅरेजमध्ये तांदळाच्या गोणीवर बसले. "म्हण."

चाळीस हजारांपुढे न डगमगणारी पोर, तिची दोनदा सुरुवात चुकली. गाणं संपलं.

"दुसऱ्या कडव्यात श्वास चोरतेस," मी म्हटलं. "वर जाताना घाबरतेस आणि ओरडून झाकतेस. शेवटचा शब्द तर रोज गिळतेस."

"रोज?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तू रोज ऐकत होतीस?"

"दाराआड, कपड्यांच्या घड्या घालत. ठेका मात्र तुझ्या पायात उपजत आहे, त्याला कुणी नावं ठेवू शकत नाही. मीसुद्धा."

"ओ माय गॉड, आई!" हसता हसता तिने डोळे पुसले. मग तेच कडवं चार वेळा म्हटलं. चौथ्या वेळी मी मान हलवली.

तिने डीप फ्रीजरच्या झाकणावर कागद पसरले. शटर उघडं होतं, समुद्रावरून वारा येत होता. तिची सही होईपर्यंत मी दोन बोटांनी कागदाचं टोक दाबून धरलं.