सहा वांगी

आमच्या घरामागची जागा चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद होती. ही मापं मी स्वतः टेप लावून घेतली होती आणि सोपान ती आल्यागेल्याला ऐकवत असे. "आमच्याकडं वांगी साठ सेंटिमीटरवर लावतात," तो म्हणायचा. "एकसष्टवर गेली की रुसतात."

ही १९९४ सालची गोष्ट. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. मी बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधाचं फॅट तपासायची, आणि सोपान जवळच्याच कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. त्याचं गाव अंथुर्णे. माझ्या सासूबाई, सिंधुबाई, तिथं दोन एकरांत भाजीपाला करायच्या. माझी आठ रोपं त्यांच्याच वाफ्यातली होती.

पहिली जांभळी फुलं दिसली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी नको ते बोलून बसले. ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी बाजाराला आलात की जेवायलाच या, भरलं वांगं माझ्या झाडांचं असेल, असं मी सासूबाईंना सांगितलं.

"बगू की," त्या म्हणाल्या. "शिकल्याल्या बाईची वांगी कशी लागत्यात ते."

हे त्यांनी सगळ्या भावकीत सांगितलं. मी साताऱ्यात तीन खोल्यांच्या घरात वाढलेली. तुळशीपलीकडे माझ्या हातून काही उगवलेलं नव्हतं, हे त्या बायकांना ठाऊक होतं. आता त्या निकालाची वाट पाहत होत्या. सासूबाईंना एकदा तरी माझ्या हातचं पीक वाढायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

झाडं वाढली. कमरेएवढी झाली, पानं तर सुपाएवढी. फुलं मात्र येत आणि गळून जात. मी रोज वहीत नोंद करायची. त्या आठवड्यातल्या बुधवारची नोंद अशी होती: गळालेली फुले अकरा, फळे शून्य.

गुरुवारी सकाळी मागचं दार उघडलं तर झाडांना सहा वांगी लागलेली.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सहाच होती. चांगली काटेरी, मुठीएवढी. जवळ गेल्यावर पहिल्याच देठावर हिरव्या वायरचे तीन वेढे दिसले, जंक्शन बॉक्समध्ये देतात तसे, टोक आत दाबलेले.

सोपानची गुरुवारी सुट्टी असे. तो ओट्यावर बसून पेपर वाचत होता. पान उलटत नव्हता.

"अहो, हे काय आहे?"

"वांगी."

"कुठून आणलीत?"

"कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या कुशाबाईकडनं. काल संध्याकाळी." त्याने पेपर खाली घेतला. "तू गप्प राहा. मी पटकन तोडून आणतो. आई बाजारातनं दमून येते, तिला काय कळतंय?"

खरं सांगायचं तर मी मोहात पडले. मसाला वाटून तयार होता. शेंगदाण्याचा कूट, तीळ, भाजलेलं खोबरं, कांदा-लसूण मसाला. तेवढ्यात फाटक वाजलं.

सासूबाईंनी पिशवी दारात टेकवली, पाण्याचा तांब्याही घेतला नाही. "ताट नंतर. आदी झाडं दाव."

आम्ही तिघं मागे गेलो. त्या एका झाडापुढे उकिडव्या बसल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"लई झ्याक," त्या म्हणाल्या. "रंग बग कसा आलाय. भावकीतल्या बायकांना सांगती, आमच्या सुनंच्या हाताला गुण हाय."

त्यांनी हे शब्द उच्चारले आणि मला ते सहन होईनात. ज्याची वाट पाहिली तेच ऐकू येत होतं आणि ते माझं नव्हतं.

"आई, ही वांगी माझी नाहीत."

"व्हय. माजी हायत." त्यांनी देठावर बोट ठेवलं. "हा तिरका काप माज्या विळ्याचा हाय. काल बाजाराच्या टेम्पोत घातल्याली वांगी ही. कुशाबाई माज्याच पाटीतली घेती." मग बोट वायरवर आलं. "सोपाना, हात लावू का रं? करंट तर न्हाय?"

सोपान भिंतीकडे बघून म्हणाला, "न्हाय. बंद हाय."

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना मातीवर हात टेकावा लागला. मग एकाएकी हसू थांबलं आणि त्यांनी झाडाचं एक पान दोन बोटांत धरलं.

"युरिया किती घातलास?"

"दर आठवड्याला पाच ग्रॅम झाडाला. काट्यावर तोलून."

"एवढ्यानं असं माजत न्हाय झाड. आनि कोन घालतंय?"

सोपानने घसा साफ केला. "मी बी एकेक चमचा. तू दुपारपाळीला असताना."

"कधीपासून?" मी विचारलं.

"पयल्या फुलापासनं. तुजी झाडं यावीत म्हणून."

मी म्हणाले, "चमचा सपाट की शीग लावून?"

"आता ह्यात बी मोजमाप!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "एक मोजून, एक चोरून भरवतायसा, मग त्यानं फळ कशाला धरावं? अंगानं वाढायचं आन् आरामात बसायचं. सोपाना, तू असाच हुतास."

त्यांनी खुरप्याने बुंध्याची माती मोकळी केली आणि हुकूम सोडला. तीन आठवडे खत बंद. पाणी चार दिवसांनी एकदा. झाडाला जरा ताण बसू द्या. "आनि दोगांनीबी हितं हात लावायचा न्हाय."

त्या दिवशी त्यांचीच वांगी त्यांनीच भरली. बाजरीच्या भाकरीबरोबर आम्ही सहाच्या सहा संपवली.

पुढचे तीन आठवडे फार अवघड गेले. संध्याकाळी आम्ही चहाचे कप घेऊन ओट्यावर बसायचो आणि एकमेकांवर पहारा ठेवायचो. सोपान उठला की मी विचारायची, कुठं? मी उठले की तो म्हणायचा, वही खाली ठेव. एकदा पानं फारच मलूल दिसली तेव्हा मी तांब्या उचलला. त्याने तो माझ्या हातातून घेतला, पाणी स्वतः पिऊन टाकलं आणि रिकामा तांब्या परत दिला. बिनकामाचं इतका वेळ आम्ही लग्नानंतर पहिल्यांदाच एकत्र बसत होतो.

फुलं गळायची थांबली. सप्टेंबर सरता सरता सात वांगी धरली. ती मी सोपानच्या देखत तोडली, कारण त्याला पंचनामा हवा होता.

गुरुवारी सासूबाई जेवायला बसल्या. पहिलं वांगं त्यांनी गुपचूप खाल्लं. दुसरं भाकरीवर घेतलं. तिसऱ्यासाठी हात पुढे केला तेव्हा मला राहवलं नाही.

"भावकीत काय सांगणार, आई?"

"सांगती की. सुनंला वांगी येत्यात." त्यांनी घास चावून संपवला. "मीठ यायचंय अजून."

सोपान भाकरीत तोंड लपवून हसायला लागला. मी मिठाची बरणी आणायला उठले.