तीळ कोणत्या बाजूला

"मान जरा वर करा," सलूनवाला म्हणाला आणि त्याने पोस्टमनच्या गळ्यावर वस्तरा टेकवला.

तोंडाला फेस लावलेल्या माणसाने गप्प बसावं हा साधा नियम, पण पोस्टमनला तो कधी जमला नाही. "वहिनींचा फोटो काय झकास आलाय हो," तो फेसातूनच म्हणाला. "समोर स्टुडिओच्या काचेत लावलाय. अगदी हुबेहूब. आत्ता बोलतील असं वाटतं."

वस्तरा जागच्या जागी थांबला.

"कुठला फोटो?"

"म्हणजे, तुम्ही बघितलाच नाही?"

गळ्यावर वस्तरा असताना माणसाने असले प्रश्न विचारू नयेत. सलूनवाल्याने उरलेली दाढी इतक्या भराभर उरकली की पोस्टमनने दुकानातून बाहेर पडेपर्यंत तीनदा हनुवटी चाचपली.

बायको अजून घरून यायची होती. ती अकराला येई. सलूनवाल्याने टॉवेल खांद्यावर तसाच ठेवला आणि रस्ता ओलांडला. फोटोवाल्याच्या काचेत डावीकडे एक नवीन जोडपं होतं, उजवीकडे दात न आलेलं एक बाळ, आणि मधोमध, चांगल्या हातभर चौकटीत, त्याची बायको.

पण ती त्याची बायको नव्हतीच. म्हणजे साडी तिची होती, कानातले तिचे होते, केसही तिचेच. चेहरा मात्र तिच्या एखाद्या लांबच्या बहिणीचा असावा तसा. एक भुवई उगाच वर चढलेली. हनुवटी भलत्याच बाजूला कललेली. गालावरचा तीळ, जो गेली सव्वीस वर्षं डावीकडे होता, तो सरळ उजवीकडे जाऊन बसला होता. आणि ही बाई हसत होती. साधंसुधं नाही, तोंड भरून. वरच्या रांगेतला तो आडवा दात, जो ती जिवात जीव असेपर्यंत कुणाला दिसू द्यायची नाही, तो काचेतून अख्ख्या रस्त्याला दिसत होता.

दुकानाचा परवाना नवा करायचा होता, म्हणून मागच्या आठवड्यात दोघांना फोटो काढावे लागले होते. तो स्वतः सकाळी जाऊन दोन मिनिटांत परत आला होता. ती दुपारी गेली आणि पाऊण तासाने आली. तेव्हा त्याने काही विचारलं नाही. आता तो पाऊण तास त्याच्या डोक्यात घर करून बसला.

त्या सकाळी दुकानात जो आला त्याने तोच विषय काढला. किराणा दुकानदार म्हणाला, "वहिनी अगदी जशाच्या तशा आल्यात." शाळेतले शिपाई म्हणाले, "फोटो असावा तर असा." कोपऱ्यावरची शिवणकामवाली तर मुद्दाम डोकावून सांगून गेली की पहिल्यांदाच वहिनींचा खरा चेहरा कुणीतरी पकडला. खरा चेहरा! आणि आपण काय सव्वीस वर्षं खोट्या चेहऱ्याशी संसार केला? सगळ्या रस्त्याला जी बाई ओळखू येत होती ती एकट्या त्यालाच ओळखू येत नव्हती, आणि हे सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर ते हात दाखवून अवलक्षण झालं असतं.

मग त्याच्या मनात पाल चुकचुकायला लागली. फोटोवाला महिन्यातून तीनदा केस कापायला येई. डोक्यावर मोजून दोन मुठी केस, त्यांना महिन्यातून तीनदा कात्री कशाला लागते? येतो, खुर्चीत ऐसपैस बसतो, नकला करतो, सगळ्यांना हसवतो. एकटा जीव, इस्त्रीचा सदरा. आजवर सलूनवाल्याला तो बरा माणूस वाटायचा. आज फोटोवाल्याची प्रत्येक चांगली गोष्ट त्याच्या डोळ्यात खुपायला लागली.

अकरा वाजता बायको आली. तिने पदर खोचला, आतल्या खुर्चीवरची धूळ झटकली, कंगवे पाण्यात टाकले. दुकान अरुंद होतं. दोन खुर्च्या शेजारी शेजारी, बाहेरची त्याची, आतली तिची. तिच्याकडे बायका आणि लहान मुलं. समोर भिंतभर एकच सलग आरसा. दिवसभर दोघं आरशाकडे तोंड करून उभे असत आणि काय बोलायचं ते आरशातून बोलत. "अगं, टॉवेल दे," हे तो आरशाला सांगे, आणि टॉवेल शेजारून येई. मान वळवायचं कधी कारणच पडलं नाही.

"तुझा फोटो लावलाय समोर," तो आरशात म्हणाला.

"हो. विचारलं त्यांनी, लावू का म्हणून."

"आणि तू हो म्हणालीस."

"नको म्हटलं आधी. मग म्हटलं लावा. कोण बघतंय."

"सगळे बघतायत." त्याने कात्री उगाचच दोनदा हवेत चालवली. "तुला आवडला?"

"छे." तिने आरशात स्वतःकडे पाहिलं. "मी कुठे अशी दिसते? तोंड वाकडं आलंय माझं."

हे तिने इतक्या सहज सांगितलं की त्याला ते खोटंच वाटलं. न आवडणारा फोटो कुणी काचेत लावू देतं का? त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काय म्हणाला तो तुला?"

"कोण?"

"फोटोवाला. इतकं दात काढून हसायला काय झालं होतं?"

तिच्या खुर्चीत शाळकरी पोर बसली होती, तिच्या वेणीत बायकोची बोटं थांबली. आरशातल्या तिने आरशातल्या त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"त्यांनाच विचारा की," ती म्हणाली, आणि पुढची वेणी इतकी घट्ट घातली की पोर 'आई गं' म्हणाली.

दुपारभर त्याने मनातल्या मनात भांडणाची तयारी केली. मुख्य मुद्दा त्याच्या हाती होता. तीळ. बायकोच्या तिळाबद्दल कोणी त्याला शिकवावं? फोटोवाल्याने निष्काळजीपणाने फोटो उलटा छापला होता, म्हणून तो परका दिसत होता. एवढं सिद्ध झालं की फोटो काचेतून उतरवायला लावायचा, आणि मग पाऊण तासाचं विचारायचं.

चार वाजता तो स्टुडिओत शिरला. फोटोवाला टेबलाशी बसून कातरीने फोटोंच्या कडा कापत होता.

"या या. आज उलटं कसं? तुम्हीच माझ्याकडे?"

"उलटं तुम्ही केलंय," सलूनवाला म्हणाला. वाक्य तयारच होतं. "माझ्या बायकोचा फोटो उलटा छापलाय. तीळ डावीकडे असतो. तुम्ही उजवीकडे नेलात."

फोटोवाल्याने हातातलं काम ठेवलं. काचेतली चौकट काढून आणली आणि टेबलावर दोघांच्या मध्ये ठेवली.

"साडीचा पदर कोणत्या खांद्यावर घेतात वहिनी?"

"डाव्या."

"मग बघा. पदर नि तीळ एकाच बाजूला आहेत. तीळ त्यांच्या डाव्या गालावरच आहे, साहेब. पण त्या समोर उभ्या राहिल्या की तो तुमच्या उजव्या हाताला येतो. माणूस समोर उभा राहिला की तसंच होतं."

सलूनवाल्याने फोटोकडे पाहिलं. मग स्वतःच्या डाव्या गालाला हात लावला, मग उजव्या. आरशात ती त्याच्या शेजारी उभी असायची, दोघांची तोंडं एकाच दिशेला. तिचं डावं ते त्याचं डावं. बरोबर होतं. पण समोर?

"रोज दोन-चार जण तरी भांडून जातात माझ्याशी," फोटोवाला म्हणाला. "मी असा दिसत नाही, माझं नाक असं नाही, कॅमेरा खराब आहे तुमचा. काय असतं, माणूस जन्मभर स्वतःला आरशात बघतो. त्यात सगळं उलट. भांग उलटा, तीळ उलटा, वाकडी भुवई उलटी. तोच चेहरा त्याला आपला वाटायला लागतो. फोटोत येतो तो लोकांना दिसणारा चेहरा. लोक म्हणतात हुबेहूब, नि ज्याचा फोटो तो म्हणतो हा मी नव्हेच. समजूत काढता काढता माझं अर्धं आयुष्य गेलं." त्याने चौकट सरळ केली. "पण ते सगळे स्वतःच्या चेहऱ्यावरून भांडतात. बायकोच्या चेहऱ्यावरून भांडायला आलेले तुम्ही पहिलेच."

सलूनवाला घरातलं आठवायला लागला. सकाळचा चहा तो खिडकीशी उभ्याने घेई. रात्री जेवताना दोघांची तोंडं टीव्हीकडे. दिवसाचे दहा तास आरसा. कुठेतरी, कधीतरी समोरासमोर बघितलं असेलच की. बघितलं असणारच. पण तीळ उजवीकडे असलेली बायको त्याला काही केल्या आठवेना. पोस्टमनला ती माहीत होती. किराणावाल्याला माहीत होती. आणि या दोन मुठी केसवाल्याला तर हातभर चौकटीत माहीत होती. त्याला त्या सगळ्यांचा हेवा वाटला.

"हसली कशाला पण?" त्याने विचारलं. आवाजात भांडण उरलं नव्हतं.

फोटोवाला जरा ओशाळला. "रागावू नका. परवान्याचा फोटो झाला, म्हटलं एक असाच काढू. पण त्या लाकडासारख्या बसलेल्या. तोंडावर हात. मग मी तुमची नक्कल केली."

"माझी?"

"तुम्ही दुकानात बोलता ना, तशी." फोटोवाला उठून उभा राहिला. मान ताठ, नजर समोरच्या भिंतीवर, एक हात न बघता बाजूला पसरलेला. "'अगं, टॉवेल दे. अगं, तुला ताप आलाय का? मग घरी जा. अगं, टॉवेल.' एवढंच केलं. त्या इतक्या हसल्या की तोंडावरचा हात खाली आला. तेव्हा काढला हा."

नक्कल चांगली होती. सलूनवाल्यालाही ती ओळखू आली.

"आणि पाऊण तास?"

"हसून झालं, मग त्या रडल्या थोडं," फोटोवाला खाली बघत म्हणाला. "त्याचा फोटो मी काढला नाही. पाणी दिलं. बसल्या नि गेल्या. फोटो उतरवू का?"

सलूनवाल्याने चौकट उचलली, थोडा वेळ धरून ठेवली, आणि परत टेबलावर ठेवली. "राहू दे," तो म्हणाला.

तो परत आला तेव्हा बायकोच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक बाहेर पडत होतं. बायको जमिनीवरचे केस झाडून एका कोपऱ्यात करत होती. दिवसाचा उजेड अजून दारातून आत येत होता. सवयीने तो आरशासमोर जाऊन उभा राहिला, तिथून तिला हाक मारायला तोंड उघडलं, आणि त्याला फोटोवाल्याची ताठ मान आठवली. तो वळला.

"जरा बस इथे," त्याने आपली खुर्ची दाखवली.

"का? केस कापणार माझे?"

"बस तर."

ती बसली. त्याने खुर्ची फिरवली. आरसा तिच्या पाठीमागे गेला आणि तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तिची नजर आधी त्याच्या मागच्या भिंतीवर गेली. तिथे आरसा नव्हता, नुसता रंग उडालेला चुना होता. मग दाराकडे गेली, मग स्वतःच्या गुडघ्यांवर. जायला दुसरी जागाच उरली नाही तेव्हा ती त्याच्याकडे आली.

तीळ उजवीकडे होता. भुवई वर चढलेली होती. फोटोतली बाई त्याच्या खुर्चीत बसली होती, फक्त हसत नव्हती आणि थकलेली होती.

"गेला होतात तुम्ही तिकडे," ती म्हणाली.

"हो."

"फोटो उतरवायला लावला?"

"नाही. असू दे. मला नाही आवडला, पण असू दे."

"मलाही नाही आवडला," ती म्हणाली. मग त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघत राहिली. "तुमची मिशी या बाजूला खाली आहे जरा. मला इतकी वर्षं वाटत होतं, त्या बाजूला."

"नक्कल चांगली करतो तो," तो म्हणाला.

तिला हसू फुटलं. आणि फुटल्याबरोबर तिचा उजवा हात तोंडावर गेला.

"त्याच्यासमोर हात नव्हता," तो म्हणाला. हे बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं. दिवसभर जे मनात सलत होतं ते एवढंच होतं. "माझ्यासमोर कशाला?"

तिने हात काढला नाही. हाताआडूनच बोलली.

"तुम्हीच सांगितलं होतं. दुकान उघडलं त्या आठवड्यात. हसताना तोंड झाकत जा म्हणाला होतात. गिऱ्हाईक बघतं म्हणाला होतात."

त्याला आठवत नव्हतं. पण ती खोटं बोलत नव्हती हेही त्याला समोरून दिसत होतं. तो कसं म्हणाला असेल तेही कळत होतं. मान न वळवता, आरशात बघून, हातातलं काम चालू ठेवून.

"आता गिऱ्हाईक नाही कोणी," तो म्हणाला.

तिचा हात तोंडावरच होता. त्याच्या हातात कात्री नव्हती, कंगवा नव्हता, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्याला उमगत नव्हतं. हात धरून खाली घेता आला असता. त्याने तसं केलं नाही. फोटोवाल्यालाही तो धरून खाली घ्यावा लागला नव्हता. तो तसाच तिच्यासमोर उभा राहिला, वाट बघत.