चिकटवलेली रांगोळी

पळसदरीच्या समाजमंदिरात मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला म्हाताऱ्यांचा वर्ग भरतो. एका संस्थेची भाग्यश्री येते, प्रेशर बघते, खुर्चीत बसवून हातपाय हलवायला लावते. मग चहा-बिस्कीट आणि गावभरच्या गप्पा.

जे एकटे राहतात त्यांच्या तिनं जोड्या लावल्या होत्या. नियम साधा. सकाळी सातच्या आत दारात आपली खूण दिसली पाहिजे. पुरुषांनी टॉवेल वाळत टाकायचा, बायकांनी रांगोळी काढायची. जोडीदारानं जाताजाता बघायचं. खूण दिसली तर माणूस बरा. नाही दिसली तर कडी वाजवायची.

सुंदराबाईची जोडी आबाजीशी लागली. आबाजी वरच्या आळीतला. बायको जाऊन पाच वर्षं झालेली, दोन्ही कानांनी कमी ऐकणारा. रोज दुधाची किटली घेऊन डेअरीवर जायचा, तो तिच्या दारावरूनच, म्हणून त्याचा टॉवेल बघायला तिला वर चढायला लागायचं नाही.

सुंदराबाईचा मुलगा राजेश नेरळला फ्लॅटमध्ये. दोन वर्षं आईच्या मागे लागलेला, की चल आमच्याकडं. ती म्हणायची, तिसऱ्या मजल्यावर मी कोणाशी बोलू, भिंतीशी? शेवटी या जोडीवर तडजोड झाली. त्याचा रोज साडेसातला फोन यायचा.

"आई, रांगोळी झाली?"

"झाली."

सुरुवातीला ती खरंच काढायची. श्रावणात ढोपरानं दगा दिला. खाली बसता यायचं, पण उठायला दाराची चौकट धरायला लागायची, आणि डोळ्यांत पाणी यायचं. एक दिवस खाडा झाला असता तरी आबाजीनं कडी वाजवली असती. आबाजीकडून भाग्यश्रीला कळलं असतं, तिच्याकडून राजेशला. मग फ्लॅट.

सून रियानं दिवाळीला रांगोळीचं स्टिकर दिलं होतं. गुलाबी कमळ, कडेला पानं. पेटीतच पडून होतं. सुंदराबाईनं एक दिवस ते पायरीच्या लादीवर चिकटवून टाकलं. त्यानंतर सकाळी पायानंच ओलं फडकं फिरवायचं, झालं काम.

आबाजीनं एकदा हटकलं होतं. "काय वैनी, रोज कमळच?"

"मला तेवढंच येतं, भावजी," ती म्हणाली होती. मोठ्यानं, त्याला ऐकू जावं म्हणून.

गणपती गेल्यावरच्या शुक्रवारी ती मोरीत घसरली. पाय असा वळला की उठताच येईना. थोड्या वेळानं बाहेर आबाजीच्या चपला वाजल्या. तिनं हाक मारली. चपला दारासमोर थांबल्या. तिनं परत हाक मारली, होता नव्हता तो जोर लावून. आणि चपला पुढं निघून गेल्या.

साडेसातला फळीवरचा फोन वाजला. वाजून वाजून बंद पडला. राजेशनं मग आबाजीला लावला, ओरडून ओरडून विचारलं. आबाजी म्हणाला, अरे रांगोळी आत्ताच बघून आलो, असंल शेजारी कुठं. राजेश निवांत कामावर गेला.

वर्गात व्यायामाचे आकडे सुंदराबाईच मोजायची. दहा वाजले तरी मोजायला कोणी नाही, म्हणून भाग्यश्री घरी बघायला आली. सुंदराबाई तीन तास ओल्या लादीवर पडून होती. हाड शाबूत होतं, घोटा मात्र नारळाएवढा सुजला.

रविवारी राजेश गाडी घेऊन आला. सरळ कपाट उघडलं आणि बॅग भरायला लागला. तेवढ्यात आबाजी आला. आत येईना, अंगणातच उभा राहिला.

"राजेश, चूक माझी हाय. माजं डोळं गेलं रं. आदल्या दिवसाची रांगोळी मी त्या दिवसाची समजलो. भाग्यश्रीला सांगितलंय, माजं नाव काढ म्हणून. पण वैनीला नको नेऊ."

दोन दिवस तो डेअरीवरही गेला नव्हता, हे सुंदराबाईला शेजारणीकडून कळलं होतं.

राजेश बोलायचं ते बोललाच. "काका, तुमच्या भरवशावर आईला ठेवलं होतं मी."

आबाजीनं मान खाली घातली. सुंदराबाई खाटेवर बसून सगळं बघत होती. गप्प बसली असती तर निभावून गेलं असतं. राजेशचा राग आबाजीवर निघाला असता, भाग्यश्रीनं दुसरी जोडी लावली असती आणि घर राहिलं असतं. खरं बोललं तर तिच्या 'झाली' वर परत कोण विश्वास ठेवणार?

"राजेश, ती सुरी दे," ती म्हणाली.

भिंत धरत ती दारापर्यंत गेली, पायरीवर बसली आणि लादी खरवडायला लागली. कमळ तुकड्यातुकड्यानं निघालं.

"भावजींनी बरोबर बघितलं. मीच फसवलं."

राजेश त्या गुलाबी तुकड्यांकडं बघत राहिला. दुकानात ते त्यानंच निवडलं होतं.

"कधीपासून?"

"श्रावणापासून. बसलं की उठता येत नाय रं मला."

"आणि मला रोज झाली सांगायचीस."

ती तुकडे गोळा करायला लागली. बोलला आबाजी.

"म्हंजे माजं डोळं बरं हायत."

आणि तो तिथंच पायरीवर बसला आणि हसायला लागला. हसता हसता टॉवेलनं तोंड पुसलं. मग राजेशला म्हणाला, "आता मी रांगोळी बघणारच नाय. वैनीच्या हातचा अर्धा कप चहा पिऊन पुढं जाईन. चहा काय चिकटवता येत नाय."

"लोक काय म्हणतील?" सुंदराबाई म्हणाली.

"म्हणू दे. तेवढीच आपली आठवण काढतील."

राजेशनं हो म्हटलं नाही. आईला नेरळला घेऊन गेला. पण बॅगेत दोनच लुगडी भरली, बाकीची कपाटात राहिली. पंधरा दिवसांनी परत सोडायला आला तेव्हा मोरीत उभा दांडा बसवून घेतला आणि बजावून गेला, आई, आता ढोपर दुखलं तर दुखतंय म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी सुंदराबाईनं सातला चहा टाकला. दोन कप मांडले. साडेसात झाले. फोन वाजला.

"आई, चहा झाला?"

"मी केलाय. भावजी आले नायत अजून."

"येतील गं."

"मागं तू असाच निवांत राहिला होतास," ती म्हणाली. फोन ठेवला, चहावर ताटली झाकली, काठी घेतली आणि वरच्या आळीच्या वाटेला लागली.

वळणावरच तो भेटला. तुटलेली चप्पल एका हातात, किटली दुसऱ्या हातात. तिला बघून अवघडला.

"वैनी, तुमी कशाला आलात?"

"कडी वाजवायला," ती म्हणाली. "चला, चहा निवला."